टोपण लावून काढलेले फोटो आणि धोतराचे फ्लॅट

"डार्क लावले की नॉइज जातो", म्हणजे टोपण लावून काढलेले फोटो वजा केले की फोटोतली खरखर जाते, हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी म्हटलं एकदा नीट बघूच, नक्की काय जातं आणि काय राहतं. स्टॅकिंग म्हणजे रात्रीच्या आकाशाचे भरपूर फोटो काढून कॉम्प्युटरवर एकावर एक बसवणं. ते करणाऱ्यांच्यात सरळ दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी डार्क, फ्लॅट, बायस हे दुरुस्तीचे जादा फोटो सगळे साग्रसंगीत काढणार, आणि दुसरी म्हणणार की अरे टोपण लावून अर्धा तास घालवण्यापेक्षा तेवढा वेळ आकाशाचेच फोटो काढ ना. माझा एक साताऱ्यातलाच मित्र दुसऱ्या पार्टीतला. त्याचे फोटो माझ्यापेक्षा भारी येतात हे मान्य, पण त्याच्याकडे लॅपटॉपवर चालणारा माउंट, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा स्टँड, आहे, तो दर दोन-तीन फ्रेमनंतर कॅमेरा इकडेतिकडे जरासा सरकवतो, म्हणजे ज्याला डिदरिंग म्हणतात ते. आपल्याकडे जुना सेकंडहँड कॅनन 600डी, 135 एमएमची लेन्स आणि ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर. तो बिचारा एकाच दिशेला गरगर फिरत राहतो, बाकी काय येत नाही त्याला.

तर जानेवारीतली अमावस्येजवळची रात्र धरून ठोसेघरच्या बाजूला आत्याकडे गेलो. साताऱ्यातून सज्जनगडाच्या रस्त्याने वर चढलं की आकाश एकदम बदलतं, आणि चाळकेवाडीच्या पठारावर तर अजून अंधार मिळतो पण तिथे पवनचक्क्या उगीच नाहीत लावलेल्या, वारा असा की ट्रायपॉड थरथरतो. त्यामुळे आत्याच्या घरामागचं खळं बरं. उत्तरेला खाली साताऱ्याचा उजेड असतो, आणि नेमका तिकडेच ध्रुवतारा, तोही आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशावर. झाडांच्या शेंड्यातून तो शोधायचा, ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीत बसवायचा, मान आखडून घ्यायची. ही ट्रॅकर ध्रुवाकडे रोखायची अलाइनमेंट बरी झाली, पण परफेक्ट नाही, हे लक्षात ठेवा कारण पुढे हाच विषय येणार आहे.

टार्गेट मृग नक्षत्र. त्रिकांड म्हणजे पट्ट्यातले तीन तारे आणि खालचा मोठा तेजोमेघ एम 42, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. 600डी वर 135 एमएमला आडवी साडेनऊ अंशाच्या आसपास जागा मिळते, त्यामुळे आरामात बसतं सगळं. आणि साताऱ्यातून मृग दक्षिणेला चांगला 65 अंशाच्या वर चढतो, साताऱ्याच्या उजेडाकडे पाठ करून. आयएसओ 800, एफ 2.8, एकेक मिनिटाच्या फ्रेम, रॉ मध्ये. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवायचं, नाहीतर तो प्रत्येक फोटोनंतर स्वतःच एक मिनिट डार्क काढत बसतो आणि निम्मी रात्र त्यातच जाते.

आता डार्क. डार्क म्हणजे लेन्सला टोपण लावून काढलेला फोटो, एक्सपोजर तेवढाच, आयएसओ तोच, आणि सेन्सरचं तापमान शक्यतो तेच. सेन्सरवर उजेड पडला नाही तरी उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि पिक्सेलमध्ये साठतात, त्याला डार्क करंट म्हणतात. काही पिक्सेल जरा जास्तच तापट असतात ते लाल-निळे-हिरवे ठिपके होऊन चमकतात, हेच हॉट पिक्सेल. तापमान सहा अंशांनी वाढलं की हा करंट साधारण दुप्पट होतो. म्हणजे एप्रिलमध्ये साताऱ्यातल्या घरात पंख्याखाली काढलेले डार्क जानेवारीत ठोसेघरला लावायचे म्हणजे मापच चुकलं.

दुकानात सुटं तेल आणायला गेलं की आधी रिकाम्या डब्याचा धडा करतात आणि मग तेल मोजतात, डार्कचं काम तेवढंच. पण धडा त्याच डब्याचा पाहिजे ना.

कॅननच्या फाईलमध्ये कॅमेऱ्याचं तापमान लिहिलेलं असतं, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत साठवलेली माहिती, बघायचं सॉफ्टवेअर असेल तर दिसतं. त्या रात्री सुरुवातीला 21 अंश, मध्यरात्रीच्या पुढे 15 पर्यंत उतरलेलं. आता सगळे डार्क शेवटी काढले तर ते शेवटच्या फ्रेमना बसणार आणि सुरुवातीच्या फ्रेमना कमी पडणार. सेन्सर थंड ठेवणाऱ्या खास कॅमेऱ्यात ही भानगड नाही, तिथे तापमान सेट करायचं आणि दिवसा घरी बसून डार्कची लायब्ररी करायची. आपल्या डीएसएलआरला तो लाड नाही. मग डार्क हप्त्याहप्त्याने काढायचं ठरवलं, थोडे सुरुवातीला, थोडे मध्ये, थोडे शेवटी, सगळे मिळून तीस.

मधला हप्ता बरोबर जेवणावर पाडला. आत्याने हाक मारली, मी टोपण लावलं, आपोआप फोटो काढत राहणारा इंटरव्हलोमीटर चालू ठेवला आणि आत गेलो. मामा बाहेर येऊन बघून गेले.

"आरं, टोपण तसंच ऱ्हायलंय की त्या कॅमेऱ्याला. फोटू निघतायत नुसते."

म्हटलं, "मुद्दाम लावलंय मामा."

"मग काय येणार त्यात? काळंच की."

"काळंच पाहिजे."

मामांनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली जेव आधी.

जेवून परत आलो तेवढ्यात गावातली लाईट गेली, ते तर पथ्यावरच पडलं.

दव हा आपल्याकडचा दुसरा शत्रू. लेन्सला गरम पट्टा बांधून पॉवर बँकेवर लावलेला. आणि एक नियम स्वतःला घालून घेतला होता, की सकाळी फ्लॅट होईपर्यंत लेन्स पुसायची नाही, काढायची नाही, फोकस रिंगवर लावलेली टेप हलवायची नाही, ॲपर्चर बदलायचा नाही. कारण फ्लॅट म्हणजे काय, तर या लेन्स-सेन्सरच्या जोडीतून उजेड कुठे किती पोचतो याचा नकाशा. कोपऱ्यात कमी पोचतो, ते विग्नेटिंग. सेन्सरच्या काचेवर कुठे धुळीचा कण असेल तर तिथे सावली पडते. एफ 2.8 ला ती सावली ठसठशीत दिसत नाही, 80-90 पिक्सेलचा पसरट मळकट डाग होतो, एका फोटोत कळतही नाही, पण स्टॅक करून स्ट्रेच केलं, म्हणजे अंधारे भाग ताणून उजळवले, की नेमका तेजोमेघाच्या धुरकट भागात उठून दिसतो. लेन्स पुसली, किंवा काढून परत लावली, की धूळ सरकली आणि नकाशा बाद.

रात्री सगळं झाल्यावर कॅमेरा ट्रायपॉडसकट तसाच उचलून पडवीत ठेवला. पहाटे उजाडताना, सूर्य वर यायच्या आधी, लेन्स सरळ वर आकाशाकडे केली आणि तोंडाला पांढरं कापड बांधायचं. लोक पांढरा टीशर्ट वापरतात, मी विसरलेलो नाही, होता बॅगेत, पण मामांचं स्वच्छ धुतलेलं धोतर दोरीवर होतं आणि ते टीशर्टपेक्षा कितीतरी सरस, पातळ, एकसारखं विणलेलं आणि हवी तेवढी घडी घालता येते. चार पदर केले, रबर बँड लावला, एव्ही मोडवर टाकलं, म्हणजे शटरचा वेळ कॅमेराच ठरवतो. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावीकडून एक तृतीयांश ते अर्ध्याच्या मध्ये आला की बास. जास्त उजेड होत गेला तसे पदर वाढवले. आयएसओ तोच 800. मधूनमधून कापड जरा फिरवायचं म्हणजे कापडावर कुठे सुरकुती असेल ती सरासरीत मरते.

आत्या अंगण झाडायला आली आणि थांबलीच. "काय करतुयास रं? धोतराचं फोटू काढतुयास व्हय?"

यावर मी काय सांगणार. हो म्हटलं.

लॅपटॉपची स्क्रीन पांढरी करून लेन्स त्यावर टेकवूनही फ्लॅट निघतात, एलईडी पॅनेलनेही निघतात, पण तिथे एक्सपोजर फार लहान ठेवला तर पॅनेलच्या लुकलुकण्याने आडवे पट्टे येतात, त्यामुळे उजेड कमी करून एक्सपोजर लांबवावा लागतो. पहाटेच्या आकाशाला तो त्रास नाही आणि पैसेही नाहीत.

बायस सगळ्यात सोपं. टोपण लावायचं, आयएसओ तोच, शटर सगळ्यात फास्ट म्हणजे 600डी वर 1/4000, आणि धडाधड पन्नास फोटो. सेन्सर वाचताना कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये एक ठरावीक आकडा आधीच मिळवून ठेवतो, म्हणजे वाचतानाच्या खरखरीमुळे (रीड नॉइज) किंमत शून्याच्या खाली जाऊन कापली जाऊ नये. माझ्या कॅमेऱ्यात तो 2048 आहे. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, सगळी गंमत त्याच्यातच आहे.

घरी येऊन सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलो. फुकट आहे, लिनक्सवर पण चालतं. डीप स्काय स्टॅकर पण फुकटच आणि सोपं, पण आत काय चाललंय ते सिरिलमध्ये जास्त कळतं. चार फोल्डर करायचे, बायस, डार्क, फ्लॅट, लाईट (म्हणजे आकाशाचे खरे फोटो), आणि तयार स्क्रिप्ट चालवली की सगळं आपोआप होतं. मला मात्र आपोआप नको होतं, मला तोच डेटा वेगवेगळ्या पद्धतीने स्टॅक करून शेजारी शेजारी बघायचा होता. हार्ड डिस्कची मात्र वाट लागते हे आधीच सांगतो. 18 मेगापिक्सेलची फ्रेम रंगीत करून 32 बिटमध्ये ठेवली की एकेक फाईल 200 एमबीच्या पुढे जाते, त्यात शंभरेक फ्रेम आणि प्रत्येक पायरीला नवीन कॉपी. लग्नाचे व्हिडीओ पेनड्राइव्हवर हलवून जागा केली, घरात सांगितलेलं नाही.

पहिला स्टॅक काहीही न लावता. साधा बघितला तर छान वाटला. स्ट्रेच केला आणि सगळे कपडे उतरले. कोपरे काळे, मधोमध भगभगीत, पट्ट्यातल्या अलनिटाक ताऱ्याच्या डावीकडे तो मळकट डाग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूर्ण फोटोभर तिरक्या लाल-हिरव्या रेघा. याला वॉकिंग नॉइज म्हणतात. ध्रुवतारा नीट बसला नव्हता ना, त्यामुळे दोन तासात तारे फ्रेममध्ये हळूहळू एकाच दिशेला सरकले. स्टॅक करताना सॉफ्टवेअर तारे एकावर एक बसवतं, मग स्थिर असलेले हॉट पिक्सेल उलट्या दिशेने चालायला लागतात आणि रेघा ओढत जातात. मित्र जे डिदरिंग करतो त्यात ही सरक प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला असते, म्हणून त्याच्या रेघा बनत नाहीत, ठिपके विखुरतात आणि सिग्मा क्लिपिंगमध्ये, म्हणजे बाकीच्या फ्रेमपेक्षा फार वेगळे आकडे टाकून देण्यात, उडून जातात. म्हणजे तो डार्क न काढता सुटतो याचं कारण हे, डार्क निरुपयोगी असतात हे नाही.

दुसरा स्टॅक फक्त डार्क लावून. रेघा जवळजवळ गेल्या. पण दाणेदारपणा? तो जिथल्या तिथे. इथेच त्या पहिल्या वाक्याचा निकाल लागला. डार्क जे काढतो ते दर फ्रेममध्ये त्याच जागी तसंच येणारं असतं. जे दर फ्रेममध्ये वेगळं येतं, म्हणजे खरा रँडम नॉइज, त्याला डार्क हात पण लावत नाही. उलट डार्कमध्ये स्वतःचा रँडम नॉइज असतो तो तुमच्या फोटोत थोडा मिसळतोच. म्हणून एक-दोन डार्क लावण्यात अर्थ नाही, पंचवीस डार्कची सरासरी काढली की त्या सरासरीतला, म्हणजे मास्टर डार्कमधला, नॉइज एका डार्कच्या एक पंचमांश होतो, वर्गमूळाचा हिशोब. मी मुद्दाम तीन डार्कचा मास्टर करून पण लावून बघितला, फोटो डोळ्याला दिसण्याइतका खरखरीत झाला. आणि तो खरा दाणेदारपणा घालवायचा एकच रस्ता, लाईट फ्रेम वाढवा. शंभर फ्रेमला दहा पटीने कमी. इथे मित्राचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

मग खोड म्हणून उन्हाळ्यात खोलीत काढलेले जुने डार्क होते ते लावले. ठिपक्यांच्या जागी काळी भोकं पडली, कारण गरम सेन्सरचे हॉट पिक्सेल जास्त चमकणारे, ते थंड फोटोतून वजा केले की पार शून्याखाली. काहीच न लावलेलं परवडलं.

पण खरा जीव रमला तो फ्लॅटमध्ये. फ्लॅट वजा होत नाही, फ्लॅटने भागतात. आणि भागाकारात आधी मिळवलेला तो 2048 आकडा लुडबूड करतो. "फ्लॅट लावला आणि कोपरे उलटे पांढरे झाले" अशी तक्रार करणारे इतके आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं इथेच असतं, म्हणून हे आकड्यात मांडतो.

समजा मधोमध आकाशाचा खरा उजेड 1000 आहे आणि लेन्समुळे कोपऱ्यात निम्माच म्हणजे 500 पोचतो. माझी लेन्स एवढी वाईट नाही, पण हिशोब सोपा पडतो. फाईलमध्ये मात्र मध्ये 3048 दिसणार आणि कोपऱ्यात 2548, कारण दोन्हीकडे 2048 मिळवलेला. आता फ्लॅट म्हणतो कोपऱ्यात निम्मा उजेड पोचतो, अर्ध्याने भाग. 2548 ला अर्ध्याने भागलं की 5096. मध्ये 3048 आणि कोपऱ्यात 5096, कोपरा झाला पांढराफट. तेच आधी 2048 वजा केला असता तर 500 भागिले अर्धा, 1000, मध्ये पण 1000, विषय संपला.

उलटी बाजू पण असते. लाईटमधून आकडा वजा केला पण फ्लॅटमधून नाही केला, तर फ्लॅटमध्येच मध्ये समजा 4000 अधिक 2048 आणि कोपऱ्यात 2000 अधिक 2048, गुणोत्तर अर्धं न येता दोन तृतीयांश येतं, मग कोपरे पूर्ण उजळत नाहीत, थोडे काळेच राहतात. मी दोन्ही प्रकार मुद्दाम करून बघितले, हुबेहूब तसंच येतं. पांढरे कोपरे आले तर लाईटकडे बघा, काळे राहिले तर फ्लॅटकडे.

आता मास्टर डार्कमध्ये बायस आधीच आलेला असतो, कारण डार्क काढताना पण कॅमेऱ्याने 2048 मिळवलेलाच होता. त्यामुळे लाईटमधून डार्क वजा केला की बायस वेगळा वजा करायचा नाही, नाहीतर दोनदा जातो. बायस लागतो तो फ्लॅटसाठी. आकाशाच्या फोटोंसाठी बनवलेल्या काही सीमॉस सेन्सरच्या कॅमेऱ्यांचे अतिशय लहान एक्सपोजरचे बायस भरवशाचे नसतात, ते लोक त्याऐवजी डार्क फ्लॅट काढतात, म्हणजे फ्लॅट एवढ्याच एक्सपोजरचे टोपण लावलेले फोटो. आणि सिरिलमध्ये तर अजून मजा, बायसच्या जागी फाईल न देता नुसतं बरोबरचं चिन्ह (=) आणि 2048 टाइप केलं तरी चालतं, फ्लॅटला तेवढं पुरतं. माझ्या पन्नास बायसच्या मास्टरमध्ये आणि त्या नुसत्या आकड्यात शेवटच्या फोटोत मला तरी काही फरक दिसला नाही, मी झूम करून करून थकलो.

शेवटी सगळं नीट लावून स्टॅक केला. फ्लॅटचा मास्टर करताना नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या फ्रेमची उजळी एका पातळीवर आणणं, गुणाकाराचं ठेवायचं, कारण पहाटे उजेड वाढत जातो आणि प्रत्येक फ्लॅटची उजळी वेगळी असते, डार्क आणि बायसला मात्र नॉर्मलायझेशन अजिबात नाही. रंगीत कॅमेऱ्यासाठी फ्लॅटचे तिन्ही रंग समान करायचा पर्याय टिक केलेला असू दे, नाहीतर धोतराचा आणि पहाटेच्या निळ्या आकाशाचा रंग फोटोत शिरतो.

फरक कुठे कळला सांगू का, एम 42 मध्ये नाही. तो एवढा तेजस्वी आहे की काहीही न लावता पण दिसतोच. फरक कळला तो त्याच्या आजूबाजूच्या धुळीत, जी पहिल्या स्टॅकमध्ये विग्नेटिंगच्या उतारात बुडून गेली होती. आता मागचं आकाश सपाट झाल्यावर ग्रेडियंट, म्हणजे आकाशातला उजेडाचा उतार, काढायचं टूल पण सुतासारखं सरळ चाललं, आधी त्याला कळतच नव्हतं की हा साताऱ्याचा उजेड आहे, लेन्सचा कोपरा आहे का खरी धूळ आहे. घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ मात्र फिकाच, त्याला फ्लॅट काय करणार. तो हायड्रोजनच्या 656 नॅनोमीटरच्या लाल उजेडावर दिसतो आणि कॅमेऱ्यात सेन्सरसमोर कंपनीने बसवलेला फिल्टर त्यातला बराचसा आतच येऊ देत नाही. फिल्टर काढून घ्यायचा विचार आहे, बघू, बायको आधी पेनड्राइव्ह कुठाय विचारते का ते बघतो.

मित्राला दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाठवले. डार्कवरून तो हलला नाही, म्हणाला डिदरिंगवाला माउंट घे मग बोल. फ्लॅटवर मात्र गप्प बसला आणि जरा वेळाने विचारलं, धोतर किती पदरी केलेलंस.

आता माझं वेळापत्रक बसलंय. फ्लॅट प्रत्येक वेळी, त्याला माफी नाही, लेन्स निघाली की जुने फ्लॅट रद्दी. बायस एकदा काढून ठेवलेत, तेच वापरतो. डार्क सुरुवातीला, जेवताना आणि आवराआवर करताना, म्हणजे त्यासाठी वेगळं असं जागावं लागत नाही. फाईलच्या फोल्डरला नाव देताना तापमान पण लिहितो. पुढचं टार्गेट एप्रिलमध्ये ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, तो दक्षिणेला जेमतेम 25 अंश वर येतो आणि उन्हाळ्यात सेन्सर तापलेला असणार, म्हणजे डार्क दुप्पट काढावे लागतील. आत्याला फोन करून झालाय, मामांनी धोतर देणार नाही, उपरणं घे म्हणून सांगितलंय.